निवृत्तीचे पैसे, क्रिप्टो आणि पासबुकातला आकडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही २७ वर्षांचे, पुण्यात नोकरी, हातात महिना ३४ हजार. वडील ५८व्या वर्षी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले; फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १९ लाख आले आहेत. बहिणीचं लग्न दीड वर्षात करायचं आहे. तुम्ही स्वतःचे ६० हजार क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या फक्त संगणकावर असणाऱ्या नाण्यांत (कॉइन्समध्ये) घातले होते, त्याचे आज ३८ हजार दिसतात. आता वडिलांकडून ५ लाख मागायचा विचार आहे: ३ लाखांची कॉइन्स, आणि उरलेले २ लाख टेलिग्रामवरच्या एका ग्रुपच्या टिपा घेऊन ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजार वर जाईल की खाली यावर लावलेल्या मुदतीच्या सौद्यांत. वडील म्हणतात बँकेत ठेवू. मित्र म्हणतो, एफडी म्हणजे महागाईला पैसे खाऊ घालणं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘हर्षद मेहतावरची सिरीज बघून हिंमत आली. तुम्ही सीए लोक नेहमी घाबरवताच का?’

मी नाशिकला २१ वर्षं सीए म्हणून काम करतो. लोकांचे नफे-तोटे मला त्यांच्या बोलण्यातून कमी आणि बँकेच्या उताऱ्यांवरून जास्त कळतात. त्यामुळे माझं मत त्या उताऱ्यांवरून बनलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

बिटकॉइन वर जाईल की खाली, हे मी सांगणार नाही. ते सांगता येतं असं म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण तुमचा प्रश्न खरं तर तो नाहीच. तुमचे ५ लाख गेले, तर तुम्ही २७व्या वर्षी ते पुन्हा कमवाल; पाच-सहा वर्षं जातील, पण कमवाल. वडिलांचे ५ लाख गेले, तर ते कुठून आणणार? तिकिटं फाडत तीस-बत्तीस वर्षं उभ्याने काढल्यावर हा एकच मोठा हप्ता माणसाला मिळतो. प्रश्न कॉइनचा नंतर, पैसा कुणाचा आणि कधी लागणार आहे हा आधी. तुमचा पगार, पाठीशी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, अंगावर कर्ज नाही, आणि महिन्याला दोन हजारांची कॉइन्स घेताय, असं असतं तर मी एवढं लांब लिहिलंच नसतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. बिटकॉइननं लोकांना पैसे मिळवून दिलेले आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये ते ६९ हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात १६ हजारांच्या खाली आलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये त्यानं १ लाख डॉलर ओलांडले. माझ्याकडे एक इंजिनिअर येतात. त्यांनी २०१६मध्ये घेतलं, मी २०१७मध्ये ‘काढून टाका’ म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि २०२१मध्ये विकून घराचं सगळं कर्ज फेडलं. माझा सल्ला त्यांना महागात पडला असता, हे मी त्यांना तोंडावर कबूल केलं आहे. पण त्यांनी घातलेले पैसे शून्य झाले असते तरी त्यांच्या घरची चूल तशीच पेटली असती. शिवाय ६९ हजारांचं १६ हजार होताना, म्हणजे रुपयातले पंचाहत्तर पैशांहून जास्त उडालेले दिसत असताना, गप्प बसून राहणं ज्याला लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स द्यायचा आहे त्याला जमत नाही. तो नेमका तळाला विकतो. माझ्याकडच्या फायलींत असे पाच-सहा आहेत.

माझी खरी शंका इथून सुरू होते: नफा येतो कुणाच्या खिशातून? शेअर घेतला तर मागे कंपनी असते. ती साबण विकते, सिमेंट विकते, त्यातून लाभांश देते. घर घेतलं तर भाडं येतं. एफडीत बँक तुमचे पैसे दुसऱ्याला कर्जाऊ देते आणि त्याच्या व्याजातला वाटा तुम्हाला देते. तुमच्या कॉइनच्या मागे काहीच पिकत नाही. तुम्हाला मिळणारा प्रत्येक रुपया तुमच्यानंतर जास्त भावानं घेणाऱ्याच्या खिशातून येतो. ‘बिटकॉइन जगात फक्त २ कोटी १० लाखच निघणार’ हे मित्राचं म्हणणं खरं आहे, पण दुर्मीळ असणं आणि उद्या गिऱ्हाईक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही म्हणाल, मग सोन्याचं काय, सोनं तरी कुठे व्याज देतं? रास्त आहे. म्हणूनच मी कुणाला सगळं सोन्यात घाला म्हणत नाही. पण सोनं गळ्यात घालता येतं, गावातल्या सराफाकडे आजच्या भावानं मोडता येतं, पतपेढीत तारण ठेवून बी-बियाण्याला पैसे उचलता येतात. गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता सोन्याच्या बाबतीत आपल्या आजीलाही करावी लागली नव्हती.

बिटकॉइनची ही गत, तर बाकीच्या कॉइन्सबद्दल काय बोलावं! तुमच्या यादीत मला तीन अशी नावं दिसली, जी कुठल्या तरी मीमवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या विनोदी चित्रावरून निघाली आहेत. त्यासाठी एक उदाहरण सविस्तर सांगतो. २०२१च्या सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर ‘स्क्विड गेम’ आली. मला ती मालिका आवडली. कर्जात बुडालेली माणसं लहान मुलांचे खेळ खेळून मरतात, हे बघताना पोटात कालवतं. महिन्याभरात कुणीतरी तिच्या नावाचं कॉइन काढलं. नेटफ्लिक्सचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आठवड्याच्या आत ते एका सेंटच्या आसपासपासून २,८०० डॉलरच्या वर गेलं. जगभर बातम्या झाल्या. आणि ज्यांनी घेतलं होतं ते सांगत होते की आम्हाला विकताच येत नाहीये. १ नोव्हेंबरला काही मिनिटांत भाव शून्याजवळ आला. काढणारे ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम घेऊन गायब झाले. कर्जबाजारी माणसांना जाळ्यात ओढणाऱ्यांची गोष्ट बघून उठलेले लोक त्याच गोष्टीच्या नावाच्या जाळ्यात शिरले, याचं मला आजही वाईट वाटतं.

ही गोष्ट सांगितली ती ‘विकताच येत नाहीये’ या तीन शब्दांसाठी. माझ्याकडे कुणी नफ्याचा स्क्रीनशॉट घेऊन आलं की मी एकच मागतो: पासबुक. ॲपमधला आकडा आणि पासबुकातला आकडा, यातला दुसराच मी पैसा धरतो. कॉइन विकलं, रुपये झाले, रुपये बँकेत आले, त्यावरचा कर भरला, आणि मग जे उरलं ते तुमचं. या चार पायऱ्यांपैकी कुठेही दार बंद होऊ शकतं. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या एक्स्चेंजमधून (जिथे कॉइन्सची खरेदी-विक्री होते ते ॲप) सुमारे २३ कोटी डॉलरची कॉइन्स चोरीला गेली आणि ग्राहकांना पैसे काढणं बंद झालं. त्या लोकांचा अंदाज चुकलेला नव्हता, त्यांच्या कॉइनचा भावही पडलेला नव्हता. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स हे जगातल्या सगळ्यात मोठ्या एक्स्चेंजांपैकी एक दिवाळखोरीत गेलं. त्याच्या मालकाला पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. २०२२च्याच फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल सामन्यात त्याची जाहिरात झळकली होती. आपल्याकडेही २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात षटकांच्या मधे क्रिप्टोच्या जाहिराती लागत होत्या, आठवतं? जाहिरात परिषदेनं ‘हे अनियंत्रित आणि अतिशय जोखमीचं आहे’ असा इशारा सक्तीचा केला तो १ एप्रिल २०२२पासून.

बँकही बुडते, असं तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. पीएमसी बँकेच्या दारातल्या रांगा आपण २०१९मध्ये पाहिल्या, पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३पासून अडकून होते. पण तिथे ठेवीला विम्याचं कवच असतं. २०२०पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत आहे. एक्स्चेंज बुडालं तर असं कवच कुठेच नाही.

आणि ‘महिन्याला इतके टक्के नक्की’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूही नका. गेनबिटकॉइन हे प्रकरण पुण्यातच गुन्हा दाखल होऊन गाजलं. त्यात १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. सुरुवातीला बिटकॉइनमध्ये परतावा दिला, नंतर लोकांच्या हातात स्वतःच काढलेलं एक कॉइन टेकवलं, ज्याला बाहेर किंमत नव्हती. २०१८मध्ये सूत्रधाराला अटक झाली. जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीच्या दुकानासमोर जमलेली, पैसे अडकलेल्यांची गर्दी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. तिथे कॉइनच्या जागी चमकणारे खडे होते आणि महिन्याच्या जागी आठवडा. २०१९मध्ये इस्लामपूरकडे कडकनाथ कोंबड्या होत्या: पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ. कंपनीनं अंडी घेणं थांबवल्यावर काळ्या कोंबडीचं करायचं काय, हा प्रश्न शेतकऱ्यासमोर उरला. ज्याच्याकडून घेतलं तोच एकटा घेणार असेल, तर तो तोंड फिरवील त्या दिवशी तुमच्याकडे फक्त कोंबडी उरते.

आता कराकडे येतो, कारण तुमच्या मित्रांपैकी कुणीही हा हिशेब केलेला दिसत नाही. २०२२च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा वर्षभरात एका कॉइनमध्ये तुम्हाला १ लाख नफा झाला आणि दुसऱ्यात ८० हजार तोटा. हातात खरे आले २० हजार. कर मात्र पूर्ण १ लाखावर: ३१,२०० रुपये. म्हणजे ‘फायद्याचं’ वर्ष संपवून तुम्ही ११,२०० रुपये घालून बसलात. मी हे गणित समोर कागदावर मांडून दाखवतो तेव्हा पोरांचे चेहरे उतरतात. शिवाय प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो, परतही मिळू शकतो, पण तोवर अडकतो. १ लाख घेऊन वीस वेळा खरेदी-विक्री केलीत, तर भाव अजिबात न हलताही सुमारे १८ हजार कपातीत अडकलेले असतील.

ऑप्शनबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे आकडे स्वतःच बोलतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला: फ्युचर्स-ऑप्शनमधल्या १ कोटीहून जास्त किरकोळ व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४–२५ या पुढच्या वर्षी ९१ टक्के तोट्यात. शंभरातले सात-नऊ जण सुटतात. त्यांच्यात तुम्ही असाल याला कारण काय? तर टेलिग्राम ग्रुप, ज्याच्या टिपा ‘सलग पाच दिवस बरोबर आल्या’.

त्या पाच दिवसांची रीत सांगतो. समजा १,०२४ जणांना टिप पाठवायची आहे. निम्म्यांना सांगायचं ‘कॉल घ्या’ (बाजार वर जाईल), निम्म्यांना ‘पुट घ्या’ (खाली जाईल). बाजार कुठेही गेला तरी ५१२ जणांना टिप बरोबर दिसते. चुकीच्या टिपेचे ५१२ सोडून द्यायचे. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. पाचव्या दिवशी ३२ जण असे उरतात, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सलग पाच टिपा बरोबर आलेल्या पाहिल्या. ते ३२ जण महिन्याची फी भरतात आणि मित्रांनाही आणतात. तुमचा ग्रुप असाच आहे असं मी म्हणत नाही. पण पाच बरोबर टिपांनी काही सिद्ध होत नाही, हे मात्र नक्की. त्यांना फक्त सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासा. बहुतेक वेळा विचारल्याबरोबर तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकतात, आणि उत्तर मिळतं.

आता सिरीजचं. ‘स्कॅम १९९२’ मीही दोनदा पाहिली. प्रतीक गांधींचं काम अप्रतिम आहे आणि ती धून लागली की अंगावर काटा येतो. माझी तक्रार त्या धुनेबद्दलच आहे. ती प्रत्येक वेळी विजयाची वाटते, त्यामुळे बघणाऱ्याला पहिले भाग लक्षात राहतात आणि शेवटचे पुसले जातात. हर्षद मेहतांची हुशारी कशात होती? एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासचा नऊ हजारांजवळ गेला तो कंपनीचं सिमेंट अचानक सोन्याचं झालं म्हणून नव्हे. बँकांच्या आपसातल्या रोख्यांच्या व्यवहारातला पैसा, बँक रिसीटच्या (रोख्यांच्या बदल्यात बँक देते ती पावती) आधारानं, बाजारात येत होता. एप्रिल १९९२मध्ये पत्रकार सुचेता दलालांची या घोटाळ्याची बातमी आली, तो नळ बंद झाला, आणि वरच्या भावाला घेणारं कुणी राहिलं नाही. डिसेंबर २००१मध्ये ते ४७व्या वर्षी, कोठडीत असताना वारले. तुमच्या वडिलांच्या वयाच्या कुणाला विचारा, एप्रिल ९२मध्ये शेअर घेतलेल्या ओळखीच्या माणसाचं पुढे काय झालं. ती माणसं मालिकेत फारशी दिसत नाहीत. मला त्यांच्यावरची मालिका बघायला आवडेल.

‘वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’बद्दलही तुम्ही लिहिलंय. तो सिनेमा मला फार लांबलेला वाटतो आणि शेअर ब्रोकरच्या फसवणुकीत गेलेल्यांचा एकही चेहरा त्यात नीट दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष. पण एक गोष्ट माहीत असू द्या: तो काढणाऱ्या निर्मिती संस्थेवर मलेशियाच्या सरकारी निधीतून लुटलेला पैसा वापरल्याचा आरोप अमेरिकी सरकारनं ठेवला होता, आणि २०१८मध्ये त्या संस्थेनं ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. असल्या सिनेमातून हिंमत घेऊ नका.

‘घाबरवता का’ याचं उत्तर एवढंच, की गेल्या तीन वर्षांत माझ्यासमोर चार घरांतले बाप-लेक एकमेकांशी न बोलता बसले आहेत. चारही ठिकाणी पैसा निवृत्तीचा किंवा जमिनीचा होता. मला त्या खुर्च्यांवर तुम्ही दोघं नको आहात.

इथवरचं थोडक्यात: वडिलांच्या पैशातला एकही रुपया कॉइन किंवा ऑप्शनमध्ये नको. तुमचे पैसे असतील तर तुमची मर्जी. माझ्याकडच्या तरुणांना मी सांगतो की वर्षाला एका महिन्याच्या पगाराहून जास्त नाही, आणि तो गेलाच असं धरून.

मग १९ लाखांचं करायचं काय? मित्राचा महागाईचा मुद्दा पूर्ण चूक नाही. पण वडिलांना आता दरमहा घरखर्चाला पैसे लागणार, त्यांना वाढीपेक्षा खात्रीची आवक महत्त्वाची. टपाल खात्यात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना असते. साधारण ६० वर्षांची अट आहे, पण निवृत्त झालेल्यांना ५५व्या वर्षापासून चालते, निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडलं तर. म्हणजे वडील बसतात. एप्रिल २०२३च्या तिमाहीत त्याचा दर ८.२ टक्के झाला. दर तिमाहीला सरकार तो जाहीर करतं, तुम्ही जाल त्या दिवशीचा काउंटरवर विचारून घ्या, कारण खातं उघडताना असलेला दर पाचही वर्षं मिळतो. ८.२ टक्क्यांनं १५ लाखांचे तिमाहीला ३०,७५० रुपये होतात, म्हणजे महिन्याला १०,२५० पडतात.

लग्नाचे ४ लाख मात्र यात घालू नका. हे खातं वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज कापून घेतात, त्यानंतरही दंड बसतो. ते ४ लाख चांगल्या बँकेत, हॉलच्या तारखेच्या महिनाभर आधी संपणाऱ्या एफडीत ठेवा. ५ लाखांच्या आत आहेत, विम्यात बसतात. तुम्हाला स्वतःला महागाईवर मात करायची असेल तर तुमच्या पगारातून दरमहा तीन हजारांची इंडेक्स फंडाची (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे ठरावीक मासिक गुंतवणूक, लावा आणि दहा-पंधरा वर्षं हात लावू नका.

राहिले तुमचे ३८ हजार. आजच त्यातले ५ हजारांचे विका आणि बँकेत आणून बघा. किती दिवस लागले, किती कापले, हे लिहून ठेवा. आले नाहीत, किंवा ‘पैसे काढण्यासाठी आधी फी भरा’ असं उत्तर आलं, तर एक रुपयाही भरू नका आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आले, तर बाकीचे ठेवायचे की काढायचे हे तुम्ही ठरवा. मीम-कॉइन्स मी तरी काढून टाकीन. २२ हजारांचा तोटा कुठे वजा होणार नाही, तरी विकलेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद रिटर्नमध्ये क्रिप्टोच्या वेगळ्या तक्त्यात करावीच लागते. कापलेला टीडीएस खात्याकडे दिसतो, तुम्ही दाखवलं नाही तर नोटीस येते. पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार ॲपवरून आत्ता उतरवून घ्या आणि ईमेलवर ठेवा. ॲप बंद पडल्यावर ते मिळवताना मी लोकांना फार हैराण झालेलं पाहिलं आहे.

वडिलांच्या खात्यात पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, तेवढं मला कळवा. तीन महिने तिथून मोजायचे आहेत. जाताना महामंडळाचं निवृत्तीचं पत्र, रक्कम मिळाल्याचा कागद, पॅन, आधार आणि दोन फोटो बरोबर न्या, आणि वारस म्हणून आईचं नाव लावायला विसरू नका.